ट्रॅव्हल ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाचे मागील बाजूस दबणे : कारणमीमांसा व उपाययोजना

बीजसंज्ञा : ट्रॅव्हल ट्रेलर, दांडीभार, तरफ, आसभार, भारवितरक जोडणी, ट्रेलरचे हेलकावे

प्रस्तावना

अमेरिका व कॅनडा या देशांत उन्हाळी सुटीच्या काळात महामार्गावर एक दृश्य वारंवार दिसते. पुढे पिकअप ट्रक किंवा मोठी एसयूव्ही, तिच्या मागे दांडीने जोडलेले चाकांवरचे घर आणि दोहोंच्या सांध्यापाशी दोन्ही वाहने खाली वाकलेली. ओढणाऱ्या वाहनाचा मागचा बंपर रस्त्याकडे झुकलेला असतो, पुढचा भाग वर उचललेला असतो आणि रात्रीच्या वेळी त्याच्या दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. या चाकांवरच्या घराला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर, तर ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन असे म्हणतात. वॉली बायम यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेली एअरस्ट्रीम कंपनी व तिचे १९३६ चे चकचकीत ॲल्युमिनियमचे 'क्लिपर' हे या परंपरेतील सर्वांत परिचित नाव होय. आज या उद्योगाचे केंद्र इंडियाना राज्यातील एल्खार्ट व त्याच्या परिसरात आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले असल्याने हा विषय आपल्याकडे अगदीच परका राहिलेला नाही.

वाहन मागे दबलेले दिसले की मालकाचा पहिला विचार ते वर उचलण्याचा असतो. बाजारात त्यासाठी हवेच्या पिशव्या, जादा पाटे, जाड स्प्रिंगा असे नाना उपाय मिळतात. परंतु मागची बाजू दबणे हा मूळ दोष नव्हे. आसांवरील भाराच्या वाटपात जो बदल झालेला असतो, त्याचे ते केवळ दृश्य लक्षण आहे. लक्षणावर उपचार करून मूळ विकार झाकला गेला, तर प्रसंगी तो जिवावर बेततो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

दांडीभार आणि तरफेचा नियम

ट्रॅव्हल ट्रेलरचे आस बहुधा त्याच्या मध्याच्या किंचित मागे बसवलेले असतात. त्यामुळे ट्रेलरचा सगळा भार आसांवर पडत नाही, काही अंश पुढच्या दांडीतून ओढणाऱ्या वाहनाच्या बॉलवर पडतो. इंग्रजीत त्यास 'टंग वेट' म्हणतात. या लेखात त्यासाठी 'दांडीभार' हा शब्द योजला आहे. उत्तर अमेरिकेतील प्रचलित संकेतानुसार दांडीभार ट्रेलरच्या एकूण भाराच्या १० ते १५ टक्के असावा लागतो.

बैलगाडीशी परिचय असलेल्या वाचकास ही कल्पना नवी वाटणार नाही. दोन चाकांच्या गाडीत ओझे फार पुढे भरले तर गाडी धुरजड होते व बैलांच्या मानेवर जू दाबते. ओझे फार मागे गेले तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते व बैलांना गळफास बसू लागतो. म्हणून जाणता गाडीवान गाडी किंचित धुरजड ठेवूनच भरतो. चढावर भार मागे सरकतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. ट्रॅव्हल ट्रेलरचा दांडीभार म्हणजे हाच धुरजडपणा. फरक इतकाच की जू बैलांच्या मानेवर असते, तर ट्रेलरचा बॉल वाहनाच्या मागच्या चाकांच्याही पुष्कळ मागे असतो. येथेच सर्व प्रश्न उद्भवतो.

उदाहरणादाखल सोयीच्या आकड्यांची एक जोडी घेऊ. ट्रेलरचे वजन २,४०० किलो व दांडीभार ३०० किलो आहे, म्हणजे साडेबारा टक्के. ओढणाऱ्या पिकअपच्या दोन आसांतील अंतर ३.५ मीटर आहे आणि बॉल मागच्या आसापासून १.४ मीटर मागे आहे. आता मागचा आस हा टेकू, बॉल हे भाराचे टोक आणि पुढचा आस हे तरफेचे दुसरे टोक झाले. ३०० किलो भार १.४ मीटर अंतरावर दाबला असता ३.५ मीटरवरील टोक १२० किलोने उचलले जाते. म्हणजे पुढच्या आसावरचा भार १२० किलोने घटतो, आणि मागच्या आसावर ३०० नव्हे तर ४२० किलो जास्तीचे येतात. ऊसतोडणीच्या हंगामात दोन चाकी ट्रॉली जोडलेल्या ट्रॅक्टरची पुढची चाके चढावर अधांतरी होताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या गणिताचा पडताळा निराळा द्यावयास नको. तेथे इंजिनाच्या ओढीचाही वाटा असतो, हे खरे. परंतु तरफ तीच.

स्प्रिंगचे दबणे भाराच्या प्रमाणात असते, हा हूकचा नियम येथे लागू केला की दृश्य लक्षणाचेही मोजमाप मिळते. मागच्या आसाच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून दर मिलिमीटरला ७ किलो सोसतात असे धरल्यास ४२० किलोंनी मागची बाजू ६० मिलिमीटर दबते. पुढच्या आसाला हेच मूल्य ८ किलो मानले तर पुढची बाजू १५ मिलिमीटर वर येते. साडेतीन मीटरांत ७५ मिलिमीटरचा हा कल डोळ्यांना किरकोळ वाटेल. मात्र दिव्याचा झोत या कलाने २५ मीटर अंतरावर अर्ध्या मीटरहून अधिक वर जातो. समोरून येणारा चालक का चिडतो, ते यावरून कळावे.

अलीकडच्या काळात ही अडचण अधिक जाणवू लागली, त्यास वाहनांच्या रचनेतील बदलही कारणीभूत आहे. पिकअप हे वाहन शेतमालाऐवजी कुटुंबाच्या प्रवासासाठी वापरले जाऊ लागले, तशी त्याची मागची बाजू आरामासाठी मऊ करण्यात आली. २००९ च्या मॉडेलपासून डॉज रॅम १५०० या पिकअपच्या मागील आसास पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगा आल्या, हे त्याचे ठळक उदाहरण होय. मऊ स्प्रिंग अधिक दबते एवढ्यावरून ते वाहन दुर्बळ ठरत नाही. तसेच ताठ स्प्रिंग कमी दबते म्हणून पुढच्या आसाचा गेलेला भार परत येत नाही. ६० मिलिमीटर दबणारे वाहन असो वा २० मिलिमीटर दबणारे, वर काढलेले १२० किलो दोन्ही ठिकाणी तितकेच गेलेले असतात.

उंचीचा भ्रम

हवेच्या पिशव्यांचा उपाय याच निकषावर तपासून पाहावा लागतो. चासी व आस यांच्यामध्ये रबरी पिशवी बसवून तीत हवा भरली की मागची बाजू वर येते. बंपर पूर्ववत होतो, दिवे बहुतांशी खाली येतात, खड्ड्यांत चासी आदळत नाही. हे लाभ खरे आहेत व ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु पिशवी आसावरच टेकलेली असते. ती वाहनाची उंची बदलते, भाराचे वाटप बदलत नाही. पिशवीत हवा भरण्यापूर्वी मागच्या आसावर जे ४२० किलो अधिक होते, ते भरल्यानंतरही जवळजवळ तेवढेच राहतात, आणि पुढच्या चाकांवरून गेलेले १२० किलो तसेच गेलेले राहतात. जादा पाटे व जाड स्प्रिंगा यांचेही असेच आहे.

पुढच्या चाकांवरील भार हा केवळ आकडा नाही. वाहन वळवायचे काम त्या चाकांचे, आणि ब्रेक दाबल्यावर थांबविण्याचा मोठा वाटाही त्यांचाच. टायरची रस्त्यावरील पकड त्यावरील भारावर अवलंबून असते. ओल्या रस्त्यावर, उतारावर, वळण घेताना ब्रेक लावावा लागला तर हलक्या झालेल्या पुढच्या चाकांची पकड आधी सुटते. पिशव्या बसवण्यापूर्वी वाहन निदान आपल्या वाकलेल्या पाठीने काही सांगत होते. पिशव्या बसवल्यावर ते ताठ उभे राहते व सांगेनासे होते. ज्या मोटारींना उंची आपोआप सम राखणारी यंत्रणा असते, त्यांच्या बाबतीत हा धोका कारखान्यातूनच आलेला असतो. त्या कधीच दबलेल्या दिसत नाहीत. म्हणून दबलेली दिसत नाही ती जोडी सुरक्षित, असे अनुमान काढणे तर्कदुष्ट ठरते.

आणखी एका गैरसमजाचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. हवेच्या पिशव्या किंवा जादा पाटे बसवल्याने वाहनाची भार वाहण्याची अनुज्ञेय मर्यादा वाढत नाही. ती मर्यादा आस, बेअरिंग, रिम, टायर, ब्रेक व चासी या सर्वांचा विचार करून निर्मात्याने ठरवलेली असते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या वाहनाच्या चालकाकडील दाराच्या चौकटीवर प्रवासी व सामान मिळून किती भार चालेल, याचा आकडा चिकटवलेला असतो. दांडीभारही त्याच आकड्यातून वजा करावा लागतो. जाहिरातीत मात्र किती ओढता येईल हाच मोठा आकडा छापतात. पाच माणसे, कुत्रा, सायकली आणि दांडीभार यांची बेरीज केल्यावर ओढण्याच्या मर्यादेच्या कितीतरी आधी वाहण्याची मर्यादा संपते, असा अनेकांचा हिशेब निघतो.

भारवितरक जोडणी

वाटपच बदलणारा उपाय म्हणजे भारवितरक जोडणी, तिकडच्या भाषेत 'वेट डिस्ट्रिब्युशन हिच'. लांब शेपटीच्या, मऊ स्प्रिंगांच्या अमेरिकी मोटारी दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रेलर ओढू लागल्या, त्या काळापासून ही युक्ती रूढ आहे. वाहनाच्या मागे बसणाऱ्या जोडणीच्या डोक्यातून पोलादी लवचीक दांड्यांची एक जोडी निघून ट्रेलरच्या चौकटीखालून मागे जाते. त्यांची मागची टोके साखळीने किंवा कंसांनी वर ओढून ट्रेलरच्या चौकटीला बांधतात. दांड्या वाकतात व ताणल्या जातात. एकचाकी मातीगाडीचे दांडे मागून उचलले की ओझे पुढच्या चाकाकडे जाते, तसाच येथे वाहनाच्या शेपटीला जोडलेला लांब दांडा मागून उचलला जातो आणि भार पुढच्या आसाकडे परततो. दांडा उचलणारे बळ ट्रेलरच्या चौकटीतून आलेले असल्याने तेवढ्याच बळाने ट्रेलर खाली दाबला जातो व काही भार त्याच्या आसांवरही जातो.

वरील उदाहरणात ट्रेलरचा आस बॉलपासून ५ मीटरवर आहे असे मानून दांड्यांनी १७५ किलो-मीटरचे आघूर्ण दिले असता पुढीलप्रमाणे चित्र दिसते. ट्रेलरच्या आसांवर ३५ किलो वाढतात. पुढच्या आसावरील तूट १२० वरून ५६ किलोंवर येते. मागच्या आसावरील वाढ ४२० वरून ३२१ किलो होते. बेरीज अर्थातच ३०० च राहते. भार नाहीसा होत नाही, तो तीन ठिकाणी वाटला जातो. दांड्यांची लांबी पाऊण मीटर धरली, तर यासाठी प्रत्येक दांडीचे टोक सुमारे ११७ किलो बळाने वर ओढावे लागते. हा ताण किती आहे, हे साखळी सोडताना हात मध्ये आलेल्या माणसालाच ठाऊक.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ३२१ किलोंनी मागची बाजू अजूनही सुमारे ४६ मिलिमीटर दबलेली आहे. दांड्या अधिक ताणून पुढच्या आसाची तूट अगदी शून्यावर आणली, तरी मागच्या आसावर २३४ किलो अधिक राहतात व ती ३३ मिलिमीटर दबलेलीच असते. म्हणजे योग्य रीतीने जुळवलेल्या जोडीत थोडे दबणे हे दोष नसून स्वाभाविक आहे. वाहन पूर्ण सपाट दिसेपर्यंत साखळ्या ताणणारा मालक प्रत्यक्षात मागच्या चाकांवरचा आवश्यक भार काढून घेत असतो. मागील चाकांनीच ट्रेलरचे आडवे धक्के सोसायचे असतात. ती हलकी झाली की वळणावर वाहनाची शेपटी निसटण्याची प्रवृत्ती वाढते. पुढच्या व मागच्या बाजू सारख्याच दबल्या पाहिजेत, अशी पूर्वी सर्रास शिकवण होती. अलीकडे काही निर्माते आपल्या पुस्तिकांत पुढच्या आसाची तूट पूर्ण भरून न काढता सुमारे निम्मीच भरून काढावी, असे सुचवतात. त्यामागे हेच कारण आहे. वरच्या उदाहरणात तूट निम्म्याहून किंचित अधिक भरून निघते.

यावरून पिशव्या निरुपयोगी, असा अर्थ मात्र काढू नये. वाटप आधी दुरुस्त करून उरलेले दबणे पिशव्यांनी कमी करणे योग्यच आहे. क्रम उलटला, म्हणजे आधी हवा भरून वाहन वर उचलले व मग दांड्या जोडल्या, तर दांड्यांना काय करावयाचे आहे हे उंचीवरून कळण्याचा मार्गच बंद होतो. काही वाहनांच्या पुस्तिकांत भारवितरक जोडणी वापरू नये असे स्पष्ट लिहिलेले असते. तेथे चासीची रचना ते आघूर्ण सोसण्यासाठी केलेली नसते, आणि अशा वेळी हलका ट्रेलर घेणे एवढाच उपाय उरतो.

मागे सरकवलेले सामान

दबणे कमी करण्याचा सर्वांत स्वस्त व सर्वांत घातक मार्ग म्हणजे ट्रेलरमधील सामान मागे सरकवणे. त्यात एक पैसाही खर्च होत नाही आणि परिणाम तत्काळ दिसतो. दांडीभार कमी होतो, बंपर वर येतो, मालक समाधानाने निघतो. गाडीवानाच्या भाषेत त्याने आपली गाडी उलाळ केलेली असते.

ट्रेलर बॉलभोवती आडवा फिरू शकतो. शेजारून मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला किंवा चालकाने एकदम मार्गिका बदलली की त्याची शेपटी एका बाजूस जाते, टायरांच्या पकडीमुळे परत येते, दुसऱ्या बाजूस जाते. गुरुत्वमध्य आसांच्या पुरेसा पुढे असेल तर हे हेलकावे दोनतीन झोक्यांत विरतात. मात्र वेग वाढतो तशी ही विरण्याची क्षमता घटत जाते, आणि एका विशिष्ट वेगापलीकडे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. गुरुत्वमध्य जितका मागे, तितका हा धोक्याचा वेग खाली येतो. त्यामुळे गावातल्या रस्त्यावर शहाण्यासारखी वागणारी जोडी महामार्गाच्या उतारावर अचानक बेफाम होते. त्या क्षणी वाहनाचा ब्रेक दाबण्याची सहज प्रवृत्ती होते. ते टाळावे, ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा व ट्रेलरचे ब्रेक तेवढे हाताने लावावे, असे शिकवले जाते. कारण ट्रेलरला मागून ओढ बसली की तो सरळ होऊ पाहतो. पण काही सेकंदांत हे सुचणे किती जणांना साधते, हा प्रश्नच आहे.

दांडीभाराचा आकडा बरोबर असणे पुरेसे आहे, असेही नाही. मागच्या बंपरवर सायकली टांगल्या आणि तोल साधण्यासाठी पुढच्या दांडीवर तितकेच ओझे ठेवले, तर काट्यावर टक्केवारी ठीक येते. परंतु दोन टोकांना वजन असलेली काठी फिरू लागली की थांबवणे जड जाते, तसे त्या ट्रेलरचे होते. जड वस्तू आसांजवळ, तळाशी व किंचित पुढे असाव्यात, हा नियम त्यासाठीच आहे.

युरोपात दांडीभार याहून बराच कमी, बहुधा चार ते सात टक्के ठेवतात. तेथील मोटारींच्या बॉलची मर्यादाही पुष्कळदा १०० किलोंच्या आतच असते. त्यामुळे दबण्याची तक्रारही तुलनेने कमी. परंतु तेथील ट्रेलर हलके असतात, हेलकावे रोखणारी घर्षणाची जोडणी सर्रास वापरतात आणि वेगही बांधलेला असतो. ब्रिटनमध्ये मोटारवेवर ताशी ६० मैल, जर्मनीत ८० किलोमीटर व विशिष्ट अटींवर १०० किलोमीटर. युरोपातील टक्केवारी घेऊन अमेरिकेतील वेगाने जाणे म्हणजे दोन्हींकडील सोय घेऊन दोन्हींकडील पथ्य सोडणे होय.

वजनकाट्यावर

पुढच्या चाकावरील मडगार्डची कड जमिनीपासून किती उंच आहे, हे ट्रेलर जोडण्यापूर्वी, जोडल्यावर व दांड्या ताणल्यावर असे तीनदा मोजणे ही घरच्या घरी करण्यासारखी पद्धत आहे. तीसाठी एक टेप पुरते, आणि मोजायचे ते पुढे, मागे नव्हे, हे तिचे मर्म आहे. अधिक खात्रीसाठी अमेरिकेत महामार्गालगतच्या ट्रक थांब्यांवरील वजनकाटे उपयोगी पडतात. १९७७ पासून चालत आलेल्या कॅट स्केल या जाळ्यातील काट्यांवर पुढचा आस, मागचा आस व ट्रेलरचे आस वेगवेगळ्या पट्ट्यांवर उभे राहतात व तिन्ही आकडे एकाच पावतीवर मिळतात. दांड्या ताणलेल्या, दांड्या सोडलेल्या आणि ट्रेलर सोडून एकटे वाहन, अशी तीन वजने केली की वजाबाकीने दांडीभार, पुढची तूट व भरून निघालेला भाग हे सर्व हाती येते. या वेळी वाहनात माणसे बसलेली, इंधनाची टाकी भरलेली व ट्रेलर प्रवासाला निघण्याच्या स्थितीत असला पाहिजे. कारखान्याच्या पत्रकातील दांडीभार रिकाम्या ट्रेलरचा असतो. पुढे बसवलेले गॅस सिलिंडर भरले, बॅटरी चढवली, पलंगाखालच्या कप्प्यात सामान रचले की तो बराच बदलतो.

आणि तो प्रवासातही बदलतच राहतो. काही ट्रेलरमध्ये पिण्याच्या पाण्याची टाकी आसांच्या पुढे व सांडपाण्याची मागे असते. ५ मीटरच्या आपल्या उदाहरणात आसाच्या एक मीटर पुढे असलेले १०० लिटर पाणी मुक्कामात वापरले गेले व तितकेच सांडपाणी आसाच्या एक मीटर मागे साठले, तर दांडीभार ४० किलोंनी उतरतो. ३०० चे २६० झाले तर बिघडत नाही. पण जाताना २५० वर जुळवलेली जोडी परतताना २१० वर येते, म्हणजे २,४०० किलोंच्या पावणेनऊ टक्क्यांवर. मागची बाजू मात्र जातानापेक्षा कमी दबलेली दिसते. म्हणून परतीला निघण्यापूर्वी सांडपाण्याची टाकी मुक्कामाच्या जागीच रिकामी करावी आणि मडगार्डची उंची पुन्हा एकदा मोजावी.